अर्धं तपकिरी झाड

"तोडणार? आपलं झाड?" गेंता एवढ्या जोरात ओरडला, की त्याच्या हातातला भाताचा गोळा चिखलात पडला!

"मग हे काय?" हिनाकोनं फांदीला बांधलेली चिठ्ठी वाचली. "'रोगट. उद्या तोडणे. कुरोइवा.'"

कुरोइवाकाका गावच्या सभागृहाचे प्रमुख. पहिलीत असताना हिनाको, गेंता आणि सुझुनानं सभागृहाच्या अंगणात हा सुईसारख्या पानांचा स्प्रूस लावला होता. त्या वर्षी पहिलीत तिघंच होते! आता तिघं सहावीत, आणि झाड हिनाकोपेक्षा वीतभर उंच. पण मे महिन्याची सुट्टी लागली, बर्फ वितळलं आणि पाहतात तर काय, एका बाजूच्या सुया तपकिरी! हात लागला की झरझर गळायच्या.

"कीड आहे," काका दारातून म्हणाले. "इतर झाडांना लागण्याआधी तोडलेलं बरं."

"तुम्ही पाहिलीत कीड?" हिनाकोनं विचारलं.

"पाहायची काय त्यात! दिसतंय की!"

हिनाकोला रडू येत होतं, पण डोक्यात एक प्रश्न वळवळत होता. कीड एकाच बाजूला का बसेल?

तिचे आजोबा जन्मभर वनखात्यात होते. त्यांनी भिंग दिलं आणि म्हणाले, "फांदीखाली पांढरा कागद धरा, फांदी झटका. पडलेल्या धुळीला पाय फुटले, तर कीड. सुयांच्या पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या रांगा दिसल्या, तर बुरशी."

सुझुनानं कागद धरला. गेंतानं फांदी झटकली. तीन डोकी कागदावर वाकली.

"हलतंय!" गेंता किंचाळला.

"तू श्वास सोडतोयस, मूर्खा! नाक दाब!"

नाक दाबल्यावर काहीच हलेना. भिंगातून काळे ठिपकेही दिसले नाहीत. सुयांची पाठ पाहायला गेंता जमिनीवर उताणा पडला आणि तिथूनच ओरडला, "अगं, खालच्या फांद्या हिरव्यागार आहेत!"

"किती उंचीपर्यंत?"

"तुझ्या कमरेपर्यंत!"

हिनाकोनं आपल्या कमरेला हात लावला. "हिवाळ्यात इथं कमरेएवढंच बर्फ होतं! बर्फाखालच्या सुया वाचल्या. म्हणजे वरच्यांना जे झालं, ते हिवाळ्यातच!"

"बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ उडालं असेल," सुझुना म्हणाली.

"रस्त्याकडची बाजू तर हिरवी आहे. इकडे नुसती भिंत..." हिनाको वळली. दोन पावलांवर सभागृहाची भिंत होती. भिंतीतून एक नळी बाहेर आली होती, थेट त्या तपकिरी फांद्यांच्या समोर!

"मागच्या पानगळीत खोली उबदार ठेवायला नवा स्टोव्ह बसवला, त्याची धूर सोडायची नळी!" सुझुना कुजबुजली.

काकांना विचारलं, तर ते हसले. "त्या नळीतून जेमतेम फुंकर येते! झाड काय मरतंय त्यानं!"

मग काय! दहा मिनिटांनी सुझुना दात वाजवत सभागृहात शिरली. "काका, फार गारठलेय हो! थोडा वेळ स्टोव्ह लावता?"

"अरेरे! ये, ये!" काकांनी लगेच स्टोव्ह पेटवला.

बाहेर गेंता काठीला छोटा कापडी मासा बांधून नळीपाशी उभा होता, मे महिन्यातल्या बालदिनाला खांबावर फडकवतात तसला पोकळ. मासा लुळा पडला होता. मग, फुर्रर्र! त्याचं पोट फुगलं आणि शेपटी सपकन तपकिरी फांद्यांना लागली!

"काका, लवकर या!"

काका आले. "वारा असेल."

"मग खांबावरचे मासे का झोपलेत?" हिनाको म्हणाली.

काकांनी वर पाहिलं. बालदिनासाठी लावलेले मोठे मासे खांबाला चिकटून लोंबत होते. त्यांनी नळीसमोर हात धरला आणि झटकन मागे घेतला. "बाप रे! हे सबंध हिवाळा?"

हिनाकोनं तपकिरी डहाळी नखानं खरवडली. साल निघाली, आत ओलं हिरवं! "जिवंत आहे, काका."

काकांनी चिठ्ठी फाडली आणि तिघांपुढे कमरेत वाकले. "न बघता बोललो. चुकलो." संध्याकाळपर्यंत नळी दुसरीकडे वळवलीसुद्धा!

आजोबा म्हणाले, "मीही लांबूनच कीड म्हणालो असतो. शाबास रे, पोरांनो!"

जूनमध्ये एका पहाटे हिनाकोच्या घरचा फोन खणाणला. पलीकडून कुरोइवाकाका धापा टाकत होते. "आल्या! तपकिरी बाजूलाही कोवळ्या सुया आल्या! बावीस कोंब! मी भिंगानं मोजलेत!"