गंधपुतळ्याची फेरी

वैजंता अंगण झाडत होती, पण गावात एकही कुत्रं भुंकत नव्हतं. सरकारी शोधपथक येणार हे कळताच लोकांनी सगळी कुत्री डोंगरापलीकडे नेऊन सोडली होती. धरणावरचं बंड मोडून महिना झाला होता. आता सरकार बंडखोरांची घरं शोधत होतं. घर सापडलं की ते पाडायचं आणि माणसं छावणीत न्यायची.

ट्रकमधून गंधपुतळा उतरला. माणसाएवढा, चेहऱ्याच्या जागी नुसतं कापड. प्रत्येकाच्या घामाला स्वतःचा वास असतो; पकडायच्या माणसाचा वास सोडत हा पुतळा गल्लीगल्लीतून चालायचा. ओळखीचं कुत्रं शेपूट हलवत यायचं. मग ते कुठल्या घरी परततं, एवढंच बघायचं.

पुतळा दारावरून गेला आणि वैजंताचा खराटा थांबला. सुयोगचा वास! तो शेतातून नुकताच आल्यासारखा. महिनाभर तिला मुलाचा पत्ता नव्हता.

"कुणाचा म्हनायचा हा वास, सायेब?" शेजारच्या सोजरकाकूंनी विचारलं.

"नाव माहीत नाही. ओढ्यात सदरा सापडला," पथकाचा अधिकारी म्हणाला.

"आन् महिनाभर टिकला? आमच्या ह्यांचाच टिकतो तसला!"

अधिकाऱ्यालाही हसू आलं. "छे हो काकू, दोन दिवसांत विरतो. रोज ताजा भरावा लागतो." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

ताजा? जुन्या सदऱ्यातून? वैजंताने खराटा घट्ट धरला. म्हणजे सुयोग जिवंत होता. त्यांच्या ताब्यात होता. आणि अजून त्याने स्वतःचं नावही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर हा पुतळा कशाला फिरवला असता?

तेवढ्यात डोंगरावरून खंड्या धावत आला. सुयोगने पिल्लू असताना उचलून आणलेला. पुतळ्याभोवती नाचला, त्याचे रबरी हात चाटू लागला.

"कुणाचं कुत्रं?" अधिकाऱ्याने विचारलं.

सोजरकाकू पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिल्या.

"राहू द्या. गाव तर कळलं. घर हे कुत्रंच दाखवील."

पुतळा ट्रकमध्ये चढवला, दार लागलं, वास तुटला. ट्रक हळूहळू निघाला. खंड्या रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. त्याने जाणाऱ्या ट्रककडे नाक उंचावलं, मग मान वळवून वैजंताच्या दाराकडे पाहिलं. मागे थांबलेल्या शिपायांनी श्वास रोखला.

तिने ओठ घट्ट मिटले. जा बाबा, त्या ट्रकमागे जा, ती मनात म्हणत होती.

पण रोज तिच्याच हातची भाकरी खाणारा खंड्या कुणाकडे धावेल?