अपडेट नंतर करा

भेस्तानच्या त्या गल्लीत बोलायचं म्हणजे ओरडायचंच. खाली लूमचे, कापड विणणाऱ्या मागांचे कारखाने, वर राहायच्या खोल्या; दिवसरात्र दोन पाळ्या. खटखटीने भांडीसुद्धा मांडणीवर सरकत. नीट ऐकू येई ते फक्त शुक्रवारी, कारण त्या दिवशी लूमना सुट्टी.

पल्लवीच्या जुन्या फोनवर कंपनीचा निरोप आला तेव्हा ती वांगी चिरत होती. ह्या मॉडेलच्या बॅटऱ्या फुगतात, फोन परत करून नवा घ्या. परत न केलेले फोन पुढच्या अपडेटनंतर चार्ज होणार नाहीत.

"देऊन टाक," तिचा नवरा योगेश म्हणाला. "घरात लेकरू आहे. फुटला म्हणजे?"

"देते ना."

पण हात होईना. त्या फोनात तिची आई होती. पल्लवीला सातवा महिना असताना अंजनाबाई अमळनेरहून आल्या होत्या. तिच्या पोटावर हात ठेवून एका संध्याकाळी अंगाई गुणगुणल्या, आणि पल्लवीने ती हळूच रेकॉर्ड केली. एक मिनिट बावन्न सेकंद, मागे लूमची खटखट. पंधरा दिवसांत आई गेली. नातीचं तोंड काही तिने पाहिलं नाही. आता दीड वर्षाची चैताली त्याच आवाजावर झोपायची, घामेजलं कपाळ पल्लवीच्या दंडाला लावून.

तिने ते रेकॉर्डिंग योगेशच्या फोनवर घेऊन पाहिलं. नुसती खटखट उतरली. आई नाहीच. नाक्यावरच्या मोबाईलवाल्या वैभवने तीनदा खटपट केली.

"कंपनीनं मागवलाय ना हा? आपी दो ने, बेन! देऊन टाका की!"

"तू अपडेट तेवढं थांबव, भाऊ."

त्याने आपोआप अपडेट बंद केलं, वायफाय पुसलं, सिमकार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवलं. "आता नेटच नाही. येणार कुठून?"

आठवड्याने पडद्यावर अक्षरं उमटली. अपडेट डाउनलोड होत आहे, बारा टक्के. खाली एकच बटण : नंतर. तिने ते दाबलं.

"तुम्ही हॉटस्पॉट दिला का ह्याला?"

"मी? पाळीवरून येतो, जेवतो, आडवा होतो. तूच काहीतरी दाबलं असशील."

तिला ते पटलं नाही. तो अंघोळीला गेल्यावर तिने त्याचा फोन उघडून पाहिला. काही नव्हतं. तरी त्या दिवसापासून तिने जुना फोन स्टीलच्या डब्यात, झाकण दाबून ठेवला. संध्याकाळी काढला तर एक्केचाळीस टक्के.

नंतर. नंतर. दिवसातून दहादा नंतर.

मग तिचं लक्ष अंगाईकडे गेलं. दोन मिनिटं दहा सेकंद. वाचण्यात चूक झाली असेल म्हणून तिने कॅलेंडरवर आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी दोन पस्तीस. फोन कानाला लावूनही वाढलेल्या भागातलं काही कळेना. खालचे लूम सगळं गिळून टाकत. चैतालीला मात्र कळत असावं. पूर्वी ती अर्ध्यावरच झोपायची. आता शेवटपर्यंत जागी राहायची आणि मधेच खुदकन हसायची.

"काय गं? काय ऐकलंस?" पल्लवीने विचारलं. पोरीने तोंड फिरवून उशीत घातलं.

शुक्रवार आला. दुपारी गल्ली गपगार होती. पल्लवीने लेकीला पाळण्यात घातलं आणि अंगाई लावली. आईचा आवाज खोलीभर पसरला, इतका स्वच्छ की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

काय चुकतंय हे कळायला तिला थोडा वेळ लागला.

मागे खटखट नव्हती.

तिने रेकॉर्ड केली त्या संध्याकाळी लूम चालू होते. परवापर्यंत ते अंगाईतही चालू होते. आज गल्लीत सुट्टी, तर तिथेही सुट्टी.

तिने फोन बंद केला. पडदा काळा होईपर्यंत बटण सोडलं नाही. उद्याच परत करायचा, तिने ठरवलं, आणि वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेली.

कपड्यांचा ढीग घेऊन ती दारापर्यंत आली आणि थांबली.

आत कुणीतरी गुणगुणत होतं.

फोन फळीवर होता, काळा. आवाज फळीकडून येत नव्हता. तो पाळण्यापाशी होता, खाली वाकलेला.

चैताली पाळण्यात बसून वर बघत हसत होती.

गुणगुण थांबली.

"चूप, बाय," आईचा आवाज हळूच म्हणाला. "तुनी माय दारमा उभी शे."

चैताली पटकन आडवी झाली आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले.