कापडाखालचे डोळे

लुओयू बेटावरचा दिवा सलग तीन रात्री लागला नाही, म्हणून आम्ही निघालो. त्या दिव्याचे राखणदार माझे बाबा. एकोणीस वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते, त्यामुळे आई दोन दिवस धक्क्यावरून हललीच नव्हती.

तांडेल फांगकाकांनी डागडुजीला ओढून ठेवलेली नाव घाईघाईनं पाण्यात लोटली. गावचे वैद्य शू औषधांची पेटी कवटाळून बसले. समुद्राचं नाव काढलं तरी त्यांना मळमळायचं. मी वल्ह्यावर. दिवेवाल्याची पोर जिने चढण्यात हुशार, हातांत किती दम आहे ते आज कळेल, असं काका धक्का सुटेपर्यंत चिडवत होते.

दुपारी बाहेरच्या खडकांपाशी धुक्यानं आम्हाला गिळलं. पाणी पेजेच्या रंगाचं, आभाळही तसंच. माझ्याच वल्ह्याचा आवाज दुसऱ्या कुणाच्या नावेतून यावा तसा लांबून येत होता. मी लहान आहे, वर दिव्याच्या खोलीत बाबांच्या कोटावर झोपले आहे, असं वाटू लागलं. भीती वाटायला हवी होती, पण चढत होती ती गुंगी.

खर्रर्र! तळ घासला. काकांनी बांबू रेटून नाव सोडवली. पुन्हा घासला! काका एकदम पांढरे पडले आणि सुकाणू सोडून खाली बसले.

"डोळे," ते म्हणाले. "कापड काढायचं राहिलं. आंधळी नाव काढली मी."

नाव कोरड्यावर असली की पुढच्या टोकाला रंगवलेल्या तिच्या डोळ्यांवर आम्ही लाल कापड बांधतो. ते सोडल्याशिवाय कुणी तिला पाण्यात घालत नाही. यावर आमच्या गावात हसत नाहीत, मीही हसले नाही.

वैद्य पुटपुटले, "मागे फिरू या."

"मागे कुठल्या बाजूला आहे ते सांगा," मी म्हणाले.

मी कमरेला दोर बांधला. वैद्यांनी माझे घोटे धरले आणि मी टोकावरून खाली लोंबकळले. एक लाट! नाकातोंडात खारट पाणी. डावी गाठ सुटली. उजवी भिजून फुगली होती, ती दातांनी ओढली. मोठा काळा डोळा उघडला, आणि तेवढ्यात, लाट ओसरताच, मला आवाज आला.

टण्... टण्.

ती दिव्याची घंटा नव्हती. घंटा मी जन्मापासून ऐकलेली. हा चिरका आवाज आमच्या लोखंडी कढईचा होता!

"काका, उजवीकडे!"

काका उठले. "आता तिला दिसतंय," म्हणाले, आणि सुकाणू असं वळवलं की दोन खडकांमधून नाव अलगद निसटली.

बाबा बेटाच्या धक्क्यावरच्या झोपडीच्या दारात बसले होते. वादळात पायऱ्यांवरून पडून त्यांचा पाय मोडला होता. वरचा मनोरा एकशेवीस पायऱ्यांवर. दिवा लावता येईना, म्हणून तीन दिवस धुकं आलं की ते दगडानं कढई बडवत होते. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले.

"कढईला तडा गेलाय," ते म्हणाले. "आईला लगेच सांगू नकोस."

जमिनीला पाय लागताच वैद्य वेगळेच माणूस झाले. त्याच लाल कापडानं त्यांनी पाय फळीला घट्ट बांधला. पण बाबा नावेत बसायला तयार होईनात. आज मासेमारीच्या नावा परतणार होत्या.

"दिवा कोण लावणार?"

"मी."

बाबांनी मान डोलावली. "आधी भिंगावरचा पडदा काढ, मग वात पेटव. घाईत माणूस विसरतो."

काकांनी मान खाली घातली.

संध्याकाळी धुकं विरळ झाल्यावर ते तिघे निघाले, कढई बाबांच्या मांडीवर. मी पायऱ्या चढले. पडदा ओढला, वात पेटवली, आणि सगळं धुकं पिवळं झालं. खाली नाव घराकडे वळत होती. मी घंटेचा दोर ओढला. थोड्या वेळानं पाण्यावरून फुटक्या कढईचं उत्तर आलं.