चणे चारणारी धामण

"सोमवारी तिळीला बाजार दाखवतो. ठरलं." सदूमामाने कपबशी खाली आपटली.

तिळी म्हणजे मामाच्या वांगणीच्या मळ्यातली काळीभोर शेळी. आणि बाजार म्हणजे खाटीक, हे न कळायला कुंदा काही कुक्कुलं बाळ नव्हती. मेच्या सुट्टीत अंबरनाथहून आल्यापासून तिळीला चरायला तीच न्यायची, मामेभाऊ जनूबरोबर. पण हल्ली दुपारनंतर तिळीची कास रिकामीच! तिचं करडू लुचून लुचून दमायचं आणि उपाशीच पडून राहायचं.

"धामण पिते, दुसरं काय," हरिचंद्र म्हणाला. तो शेजारच्या फार्महाऊसचा राखणदार, मामाकडे रोज फुकटच्या चहाला हजर. "पायाला विळखा घालते नि दूध ओढते. या डोळ्यांनी पाहिलीय. आणि ही पोरं खुशाल झोपा काढतात!"

झालं. मामाने दोघांना असं फैलावर घेतलं की विचारू नका. जांभळाखाली कुंदाचा डोळा लागायचा हे खरं होतं, म्हणून तर ती जास्तच चिडली.

संध्याकाळी तिळीची दाढी साफ करताना तिच्या हाताला सालं लागली. भाजलेल्या चण्यांची.

"जन्या, धामण चणे चारते का रे?"

जनू विचारात पडला. "चणे तर हरिचंद्रकाकाच्या खिशात असतात."

कुंदाने ती सालं रुमालात बांधून ठेवली.

"मी त्याला सोडणार नाही," कुंदा दात खाऊन म्हणाली.

"आपल्या मधमाश्यांच्या पेटीवर ढकलू या?"

"नको. डंख मारला की माशी मरते. त्या लबाडापायी आपली एक माशीसुद्धा घालवायची नाही."

करडाचं दूध तोडायचं झालं की राजामामी शेळीच्या सडांना कडुलिंबाचा रस फासायची. कुंदाने ते पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने पाला वाटला आणि तिळीच्या सडांना रस चांगला चोपडला. काळ्या कासेवर हिरवं दिसतंय कशाला! मग दोघं झोपेचं सोंग घेऊन जांभळाखाली आडवी झाली. जनू तर इतका घोरला की कुंदाने त्याला चिमटा काढला.

थोड्या वेळाने तिळी आपणहून मधपेट्यांच्या मागे गेली. माश्यांच्या भीतीने तिकडे कुणी फिरकत नसे. तिकडून कुणीतरी थू थू करत पळालं.

चहाच्या वेळी हरिचंद्र आला तोच थुंकत.

"काय झालं रे?" मामाने विचारलं.

"ताप असेल, सदूभाऊ. तोंड कडूजहर झालंय."

"काका, हात दाखवा बघू," कुंदा म्हणाली.

त्याने हात पाठीमागे नेले. मामाने ते पुढे ओढले. बोटं हिरवी, आणि वास कडुलिंबाचा.

"मामा, धामणीला हात असतात का?" कुंदाने विचारलं आणि जपून ठेवलेली चण्यांची सालं त्याच्यापुढे धरली. रस कुणी फासला तेही सांगून टाकलं.

मामाचा चेहरा तापला. "माझाच चहा पिऊन माझीच शेळी खाटकाकडे धाडत होतास?" मग तो मुलांकडे वळला. "चुकलो रे पोरांनो. तुम्ही होतात म्हणून तिळी वाचली." राजामामीने दोघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिळीची कास धुऊन करडू सोडलं. ते अधाशासारखं प्यायला लागलं.

"पोरी, चमचाभर मध तरी दे गं," हरिचंद्र रडकुंडीला आला. "हा कडवटपणा जाता जात नाही."

"देते की," कुंदा गोड हसली आणि तिने मधपेट्यांकडे बोट दाखवलं. "तुम्हाला रस्ता माहीत आहेच. हात घाला आणि घ्या."