मुरमाळचा काटा

शनिवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मुकुंद डोईफोडे सोफ्यावर बसून एकाच वेळी दोन गोष्टी पाहत होता. समोर टीव्हीवर 'महासूर' या गाण्याच्या स्पर्धेची उपान्त्य फेरी, आणि शेजारी बायकोचा उजवा हात. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर नवरा आपल्या हाताकडे एवढ्या एकाग्रतेने बघायला लागला, तर कुठल्याही बायकोला संशय येणारच.

"काय बघताय?" ज्योत्स्नाने लसूण सोलता सोलता विचारलं.

"काटा येतोय का ते बघतोय."

"तुमच्याकडे बघून? इतक्या वर्षांत आला नाही, आता काय येतोय!"

त्या हाताच्या मनगटावर बोटभर रुंदीची राखाडी पट्टी होती. वाहिनीने कागदावर तिचं नाव 'रोमांचमापक' असं ठेवलं होतं. लोक काटापट्टी म्हणत. अंगावर काटा येतो तेव्हा प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला एक अतिसूक्ष्म स्नायू आकसतो आणि केस उभा राहतो. पट्टीतला मंद प्रकाश असे उभे राहिलेले केस मोजत असे आणि आकडा थेट मुंबईला पाठवत असे. मोबाइलवरून मतं मागवण्याचे दिवस संपले होते. मतं गोळा करता येतात, भाच्यांना बसवून दिवसभर बटणं दाबून घेता येतात. पण काटा मागून येत नाही, असं वाहिनीचं म्हणणं होतं. म्हणून राज्यातली पन्नास गावं नमुना म्हणून निवडली गेली, घरोघर पट्ट्या वाटल्या गेल्या, आणि महाराष्ट्राचा महागायक कोण हे महाराष्ट्राच्या हातावरची लव ठरवू लागली.

अडचण एवढीच झाली की, वीस-बावीस वर्षं दर आठवड्याला कुणी ना कुणी 'अंगावर काटा आणणारं' गात असल्यामुळे महाराष्ट्राचे हात निबर झाले होते. पुण्याच्या नमुन्यात शंभरांतल्या दोन हातांवर काटा येई, तोही पंखा जोरात असला तर. अशा परिस्थितीत मुरमाळ नावाच्या तालुक्याच्या गावी दर शनिवारी शंभरांतले नव्वद हात एकदम शहारत होते. आणि ते कुणासाठी, तर प्रल्हाद सोनटक्के यांच्यासाठी.

सोनटक्के कोकणातल्या एका पोस्टात कारकून होते. माणूस सालस, पण गळा असा की पहिल्या फेरीत एका परीक्षकांनी त्यांना प्यायला पाणी दिलं होतं. असे सोनटक्के मुरमाळच्या जोरावर अकरा आठवडे टिकले होते. समीक्षकांनी सुरुवातीला डोक्याला हात लावला, मग तोच हात लेखणीकडे नेला. 'सुरांच्या तुरुंगातून सुटलेला स्वर' असा एक दीर्घ लेखही येऊन गेला.

आणि गंमत म्हणजे, स्पर्धेत मुरमाळची स्वतःची मुलगी होती! रेवती गवारे, वय बावीस, नगरपरिषदेच्या पाणीवाल्या हरिबा टेकाळेची भाची. वडील गेल्यापासून मामाकडेच वाढलेली. गाणं असं, की ऐकताना माणूस घास हातात धरून थांबेल. पण तिला मुरमाळचे आकडे बारा, पंधरा. फार तर वीस.

सकाळीच मुकुंदच्या संपादकांचा फोन आला होता. मुकुंद जिल्ह्याच्या दैनिकात 'इकडचं तिकडचं' हे सदर चालवत असे. 'एटीएममध्ये घोरपड, व्यवहार सुरळीत', 'सत्काराचा हार बोकडाने खाल्ला, सत्कार बोकडाचाच झाला' ही त्याची गाजलेली कामगिरी. संपादक म्हणाले, "डोईफोडे, तुमच्या गावाला झालंय काय? घरची पोर सोडून त्या सोनटक्क्यावर काटे? शोधून काढा. पहिल्या पानावर घेतो."

सतरा वर्षांत मुकुंदला पहिलं पान मिळालं नव्हतं. म्हणून तो बायकोचा हात बघत होता.

रेवती गायली. ज्योत्स्नाची लसणाची पाकळी हातात राहिली, पण हातावरचे जेमतेम दोन-चार केस हलले. मग सोनटक्के आले. सोनटक्क्यांनी डोळे मिटले आणि "आऽऽ" म्हणून सूर लावला. लावला म्हणजे जवळपास कुठेतरी ठेवला.

"आला हा," म्हणत ज्योत्स्ना पुन्हा लसणाकडे वळली.

दोन मिनिटं काही झालं नाही. सोनटक्के दुसऱ्या कडव्यात शिरले, आणि न्हाणीघरातला नळ फुरफुरला. आधी खोकला, मग हवेचा लांब सुस्कारा. ज्योत्स्ना ताडकन उठली. "पाणी! अहो, पाणी आलं!" तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत केस न केस उभा होता. पट्टीवरचा हिरवा ठिपका पेटला. गल्लीत दारं आपटली, हंडे वाजले, आणि टीव्हीवर मुरमाळचा आकडा ब्याण्णववर गेला. सोनटक्क्यांनी डोळ्यांत पाणी आणून मुरमाळला नमस्कार केला.

मुरमाळला नळाला पाणी आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान कधीतरी येतं. पट्टीला काटा कळतो. तो कशाचा, हे विचारण्याची सोय तिच्यात नव्हती.

तरी एक कोडं उरलंच. सोनटक्के कधी पहिले गायचे, कधी शेवटचे. मग पाणी दरवेळी नेमकं त्यांच्याच गाण्याला कसं?

रविवारी सकाळी मुकुंद टाकीवर गेला. टाकीच्या खालीच हरिबाची खोली होती. दाराशी व्हॉल्व्ह फिरवायची माणसाच्या उंचीची लोखंडी चावी टेकवून ठेवलेली असे. तीस वर्षांत ती चावी हरिबाने दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती.

"या पत्रकार," हरिबा म्हणाला. "आज काय, टाकीत मगर सापडली का?"

"हरिभाऊ, शनिवारी पाणी नेमकं कधी सोडता?"

"तो सोनटक्क्या आला की."

"का बरं?"

"आता बघा. सहा ते नऊ कधीपण सोडायचं, असा नियम आहे. मी लावतो टीव्ही. आपल्या रेवीचं गाणं चालू असताना उठू का मी? नाही. ती नाशिकची बाई गोड गाते, तिच्या गाण्यात उठू? नाही. मग माणसानं उठायचं कधी? सोनटक्क्या आला की चावी घेतो, जातो, सोडतो. येईपर्यंत त्याचं आटपलेलं असतं. लई सोयीचा माणूस आहे तो."

मुकुंदने सगळं उलगडून सांगितलं. हरिबा जसजसा ऐकत गेला, तसतसा त्याचा हात चावीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"म्हणजे माझ्या पोरीला," तो शेवटी म्हणाला, "मीच पाडतोय?"

"पुढच्या शनिवारी अंतिम फेरी आहे," मुकुंद म्हणाला. मग इकडेतिकडे बघून हळूच, "हरिभाऊ, पाणी तर सोडायचंच असतं. रेवतीच्या गाण्याला सोडलं तर नियम काही मोडत नाही."

हरिबाने घड्याळाकडे पाहिलं. स्पर्धकांना रविवारी दहा मिनिटं घरी बोलता येई. फोन वाजला, तेव्हा हरिबाने तो मुकुंदलाही ऐकू येईल असा धरला आणि भाचीला सरळ विचारलं.

पलीकडे आधी रेवती पोट धरून हसली. मग हसू आवरून म्हणाली,

"मामा, मग मी कशाला गाऊ? स्टेजवर एक नळ ठेवा आणि खाली बादली. हार बादलीला घाला."

"अगं, पण तो असाच जिंकंल की!"

"तुम्ही गाण्याच्या आधीच सोडून टाका पाणी. लोकांना भरू द्या. मग मी गाते, ते गातात. बघू काय होतं ते. मला कळू तर द्या मामा, मला खरंच गाता येतं का. अकरा आठवडे मी रोज रात्री तोच विचार करतेय. माझ्याच गावाला माझं गाणं का आवडत नाही?"

हरिबाने फोन ठेवला आणि उपरण्याने तोंड पुसलं. "ठरलं. पाच वाजता सोडतो. साडेसहाला बंद."

"नियम सहाचा आहे."

"तीस वर्षांत एकदा तास आधी आलं पाणी, तर कोण तक्रार करणार आहे? उशिरा आल्याची सवय आहे लोकांना. आणि पत्रकार, छापायचं ते त्याच्यानंतर छापा."

पहिलं पान आठवडाभर खिशात घेऊन फिरणं सोपं नव्हतं, पण मुकुंदने ते केलं.

अंतिम फेरीच्या शनिवारी पाच वाजता पाणी आलं. गाव आधी गोंधळलं, मग भरायला लागलं. सातपर्यंत पिंपं, हंडे, कळश्या, एका घरात तर चहाचे कपसुद्धा भरून तयार होते. नळ कोरडे झाले आणि अख्खं मुरमाळ आंघोळ करून टीव्हीसमोर बसलं. हरिबा मुकुंदकडे आला होता. चावी त्याने सोबत आणली होती, दारामागे उभी केली होती.

रेवती गायली. तिने आपल्या आईची जात्यावरची ओवी घेतली होती. ज्योत्स्नाने लसणाची परडी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि नुसती ऐकत राहिली. मुरमाळचा आकडा चढला. तीस, पस्तीस, एकेचाळीस. निव्वळ गाण्यावर एवढा काटा त्या वर्षी राज्यात कुठे आला नव्हता. हरिबाने मुकुंदचा गुडघा इतक्या जोरात दाबला की तो कळवळला.

मग सोनटक्के आले. डोळे मिटले. "आऽऽ."

ज्योत्स्ना उठली.

"कुठे चाललीस?" मुकुंदने विचारलं.

"पाणी..." ती म्हणाली, आणि न्हाणीघराच्या दाराशी थबकली. आत पिंप काठोकाठ भरलेलं होतं. नळ कोरडा होता. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. कोपरापर्यंत काटा. गल्लीत दारं उघडली, हंडे वाजले आणि शेजारपाजारच्या बायका भरलेल्या पिंपांसमोर रिकाम्या बादल्या घेऊन एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. टीव्हीवर आकडा सत्त्याण्णव झाला होता.

"नळ तर बंद आहे," मुकुंद पुटपुटला.

हरिबा म्हणाला, "अकरा आठवडे आपणच शिकवलं त्यांना, मुकुंदराव. त्याचा आवाज आला की पाणी येतं. अंगाला काय कळतं, आज शनिवारी मधेच नियम बदलला ते!"

प्रल्हाद सोनटक्के महागायक झाले.

मुकुंदने बातमी लिहिली, आयुष्यातली सर्वांत चांगली. पण संपादकांना ती पटली नाही. "डोईफोडे, घोरपडीपर्यंत ठीक होतं," ते म्हणाले, आणि बातमी आतल्या पानावर, पंचांगाच्या खाली चार ओळींत आली. 'पाणी आणि गाणे यांचा संबंध असल्याचा स्थानिकांचा दावा.' वाहिनीने खुलासा केला की शास्त्राला भावना कळतात.

ती चार ओळींची बातमी एका माणसाने मात्र बारकाईने वाचली. ते नगराध्यक्ष. पुढच्याच शनिवारी टाकीत पाणी चढवणारी मोटार जळाली, पाणी आलं नाही, आणि सात वाजता नगरपरिषदेच्या भोंग्यांवरून सोनटक्क्यांचं विजयी गीत वाजू लागलं. एरवी मोटार जळली की दीडेकशे तक्रारी येत. त्या दिवशी दोन आल्या, त्यांतली एक गाण्याचा आवाज वाढवण्याबद्दल होती. मुकुंद कोरड्या नळासमोर रिकामी बादली घेऊन उभा होता आणि खोटं कशाला सांगायचं, त्याला बरं वाटत होतं. बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर मात्र त्याला फार वाईट वाटलं. नगराध्यक्ष दुसरी मोटार घेण्याचा विचार लांबणीवर टाकत आहेत, असं तो सोमवारी ऐकणार होता.

रेवती त्यानंतरच्या शनिवारी गावी आली. शाळेच्या मैदानावर सत्कार ठेवला होता. काटापट्ट्या वाहिनीने परत मागवल्या होत्या. सगळ्यांच्या मनगटांवर फक्त फिकट वळ उरले होते. दोन आठवड्यांचं पाणी राहिलेलं, त्यामुळे गर्दीचं अर्धं लक्ष घराकडे. नगराध्यक्षांनी प्रास्ताविक म्हणून आधी सोनटक्क्यांचं गीत लावायची सूचना केली. हरिबाने पुढच्या रांगेतून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ती सूचना मागे पडली.

रेवती माइकसमोर उभी राहिली. "मला तुमच्याकडून एकेचाळीस मिळाले," ती म्हणाली. "ते खरे होते का, एवढंच बघायला आलेय."

तिने तीच ओवी घेतली. वाद्यं नव्हती. मैदानाच्या कडेला उभे असलेले, घरी जायला निघालेले लोक सायकलीला टेकले. दुसऱ्या ओळीला कुणीतरी रडणाऱ्या पोराला गप्प केलं. तिसऱ्या ओळीला मुकुंदच्या मानेपासून काहीतरी सरसरत खाली गेलं आणि दोन्ही हातांवर पसरलं. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. रांगेतले सगळे आपापल्या हातांकडे बघत होते, आणि मग एकदम, सवयीने, मैदानाच्या कोपऱ्यातल्या नळाकडे.

ज्योत्स्नाने त्याचा शर्ट ओढला. "अहो, पाणी आलं का?"

मुकुंदने पुढच्या रांगेत पाहिलं. हरिबा टेकाळे डोळे मिटून बसला होता, आणि लोखंडी चावी त्याच्या मांडीवर आडवी होती.

"नाही," मुकुंद म्हणाला.

ज्योत्स्नाने आपला हात त्याच्यासमोर धरला.

"मग हा कशाचा?"