माईक बंद ठेवलेली दुपार

"ओ! अहो, काय चाललंय तुमचं?"

छत्री उघडावी की नको, असा विचार करायला लावणारा भुरभुर पाऊस होता. ती रस्ता ओलांडून तरातरा खांबापाशी आली. तिथे एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. पाठीवरच्या ओझ्यावर रेनकोट टाकलेला, त्यामुळे पोक आल्यासारखा दिसणारा. हातात काळं स्केचपेन. आणि समोर तिने परवाच स्वतःच्या हाताने चिकटवलेलं पोस्टर!

"आमच्या पोस्टरवर रेघोट्या मारताय?"

"रेघोट्या नाहीत हो," तो वळून न बघताच म्हणाला. "दुरुस्ती. ही वेलांटी दुसरी छापलीय, हवी पहिली. माणसाचं नाव आहे... असं ताणलं की त्याला कसंतरीच होतं."

"त्याला कसं होतं ते तुम्हाला बरं ठाऊक!"

आता तो वळला. पापण्यांवर पाण्याचे बारीक थेंब, आणि त्यांच्याखाली हसू दाबून धरलेले डोळे.

"ठाऊक असणारच. मीच तो."

तिचे कान तापले. उद्या दुपारी ज्याचं गाणं होतं, ज्याला तिने स्वतः पत्र लिहून बोलावलं होतं, ज्याच्या गाण्यांची ध्वनिफीत ती महिनाभर स्वयंपाक करताना ऐकत होती, त्याचंच नाव तिने गावभर चुकीचं लावून ठेवलं होतं.

"बसस्टँडपासून इथवर सोळा झाली," तो म्हणाला. "अजून किती आहेत?"

"चौतीस..." ती पुटपुटली. मग पर्समध्ये हात घालून तिने स्वतःचं पेन काढलं. "डावीकडचे खांब तुमचे, उजवीकडचे माझे. चला."

अशी त्यांची ओळख झाली.

तिला सगळे मॅनेजर म्हणायचे. हे नाव आत्याने थट्टेने ठेवलं होतं, पण ते चिकटलं, कारण खोटं नव्हतं. एका जुन्या बुकबाइंडिंगच्या कारखान्याचा वरचा मजला तिने सहा वर्षांपूर्वी भाड्याने घेतला होता. डिंकाचा वास अजून भिंतींतून गेला नव्हता. तिथे साठ खुर्च्या मांडून दर रविवारी दुपारी चार वाजता ती कुणाला तरी गायला बसवायची. नामवंत कुणी नाही. स्वतःची गाणी स्वतः लिहून, स्वतः चाली लावून गावोगाव फिरणारे लोक. त्यांना शोधायचं, पत्रं लिहायची, तिकिटं काढायची, खोकला झाला तर काढा द्यायचा, आणि ज्यांचं नावही कुणी ऐकलेलं नाही त्यांना ऐकायला साठ माणसं जमवायची. पहिल्या रविवारी सात जण आले होते, त्यातले दोघे पाऊस थांबायची वाट बघत होते. आता खुर्च्या अपुऱ्या पडायच्या.

घरचेच लोक कामाला. आत्या दारात बसायची आणि उशिरा येणाऱ्याकडे अशी बघायची की पुढच्या रविवारी तो साडेतीनलाच हजर! आणि बाबा ध्वनिव्यवस्थेवर. त्यांचं सगळं आयुष्य लाउडस्पीकरच्या धंद्यात गेलेलं. मिक्सरच्या त्या बटणांवरून त्यांची बोटं फिरायला लागली की बघत राहावं.

फक्त... गेल्या वर्षभरात बाबांचे कान मंदावले होते. बोलणं ऐकू यायचं, गाणं ऐकू यायचं, पण स्पीकरमधून बारीक, टोकदार शिट्टी वाजायला लागली की ती त्यांच्यापर्यंत पोचायचीच नाही. हे फक्त तिला माहीत होतं. दर रविवारी साडेतीनला, माईक तपासताना, ती चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ जायची, कप ठेवता ठेवता शिट्टी बंद होईल असं एक बटण हळूच मागे फिरवायची आणि निघून यायची. बाबांना कधी कळलं नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

रविवारी साडेतीनलाच नेमका खालच्या दुकानदाराने तिला गाठलं. जिन्यात लावलेल्या सायकलींवरून त्याची तक्रार होती. ती हो-हो करत सुटका करून घेत होती, तेवढ्यात वरून ती शिट्टी आली. बारीक, लांब, सुईसारखी. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर धावली.

गायक माईकसमोर उभा होता, गिटार गळ्यात. पहिल्या रांगेत लवकर आलेल्या दोन बायकांनी कानांवर हात ठेवले होते. आणि बाबा मिक्सरमागे, मान डोलावत, प्रसन्न चेहऱ्याने विचारत होते, "कसं वाटतंय? छान स्वच्छ येतोय ना आवाज?"

त्याने बाबांकडे बघितलं. मग दारात धापा टाकत उभ्या असलेल्या तिच्याकडे. एकच क्षण... पण त्या क्षणात त्याला सगळं समजलं, हे तिला समजलं. आता हा बोलणार. सगळ्यांसमोर.

तो माईकपासून दोन पावलं मागे सरकला. शिट्टी थांबली.

"काका, आवाज उत्तमच आहे," तो म्हणाला. "पण एक हट्ट करू? हा हॉल इतका छान घुमतोय की आज माईकशिवाय गावंसं वाटतंय. चालेल तुम्हाला?"

"साठ माणसं येणार आहेत रे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल?"

"ते तुम्हीच सांगायचं. तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? शेवटच्या रांगेत बसा आणि कमी पडलं तर हात वर करा."

बाबांनी एक क्षण विचार केला, मिक्सर बंद केला आणि खरंच शेवटच्या रांगेत जाऊन बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा ते श्रोत्यांत बसत होते.

मग तो गायला. माईक नाही म्हणून लोकांनी खुर्च्या आपणहून पुढे ओढल्या. आत्याने दार लावून घेतलं. त्याचा आवाज काही फार मोठा नव्हता, पण खरा होता. शेजारी बसून आपल्याशीच बोलतोय असा. एक गाणं लिफ्ट चालवणाऱ्या माणसाचं होतं:

*दिवसभर वर नेतो मी साऱ्यांना,
गच्ची कशी असते, विचारू कुणाला?*

हॉलमध्ये कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. ती खांबाला टेकून उभी होती. इतकी माणसं तिने इथे गाताना ऐकली होती, पण समोरच्याची लाज राखण्यासाठी स्वतःचं गाणं अवघड करून घेणारा माणूस तिने पहिल्यांदाच बघितला होता. बाबांचा हात एकदाही वर झाला नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते.

कार्यक्रम संपल्यावर ती आणि तो खुर्च्या आवरत होते.

"आज जे केलंत..." ती म्हणाली, "त्याबद्दल कसे आभार मानू कळत नाही."

"आभार कसले! मलाही मजा आली." मग खुर्ची मिटता मिटता तो थांबला. "एक बोलू? तुम्ही त्यांना सांगायला हवं."

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते. माणूस आयुष्यभर कानांवर जगलाय. त्याला कळायला नको?"

तिच्या कपाळावर आठी चढली. दुखऱ्या जागी बोट लागलं की माणूस कळवळण्याआधी चिडतो, तसं झालं. "वेलांटीवाले," ती म्हणाली, "सगळ्यांच्या चुका दुरुस्त करत फिरायचं कंत्राट घेतलंय का तुम्ही? पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं."

त्याचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," एवढंच म्हणून त्याने उरलेल्या सगळ्या खुर्च्या मुकाट्याने भिंतीला लावल्या.

घरी परतताना बाबा तिच्या बरोबर चालत होते. कोपऱ्यावर वळताना एकदम म्हणाले, "शिट्टी झाली होती ना आज?"

ती जागीच थांबली. "तुम्हाला... ऐकू आली?"

"छे गं. दिसली. त्या मुलाच्या चेहऱ्यावर." ते हसले. "आणि तू वर्षभर साडेतीनला चहा आणतेस. मला चहा चारला लागतो, हे तुला शाळेत असल्यापासून माहीत आहे. बटण फिरवायला येतेस ते कळत नाही होय मला?"

"बाबा..."

"कान जाताहेत त्याचं दुःख आहेच. पण त्याहून मोठं दुःख एकच होतं. माझी लेक माझ्याशी खरं बोलायला कचरते. उद्या डॉक्टरकडे जाऊ. येशील ना बरोबर?"

तिने त्यांचा दंड घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर तो खिडकीशी बसला होता. बस सुटायला दहा मिनिटं होती. ती धावत आली आणि खिडकीखाली उभी राहिली. केस ओले, वेणी अर्धी सुटलेली.

"बाबांना सगळं माहीत होतं," ती एका दमात म्हणाली. "पहिल्यापासून! रात्री आम्ही पोटभर रडलो, मग पोटभर हसलो. तुझं बरोबर होतं."

"काय म्हणालात?"

"बरोबर होतं म्हणाले."

"ते नाही. त्याच्या आधीचा शब्द."

तिने आठवून बघितलं आणि जीभ चावली.

"राहू द्या तसाच," तो घाईघाईने म्हणाला. "म्हणजे... राहू दे."

कंडक्टरने घंटी वाजवली. बस हलली तशी ती चार पावलं बरोबर चालली. "काल फार लागेल असं बोलले मी. सॉरी."

"लागलं," तो खिडकीतून वाकून म्हणाला. "त्यावर गाणं लिहीन. भोग आता!"

पुढच्या पाच महिन्यांत तो अकरा गावं फिरला आणि प्रत्येक गावातून त्याचा फोन आला. सुरुवातीला कामाचे: या हॉलचा मालक भला आहे, त्या गावात श्रोते गाण्याच्या मध्येच उठतात. मग बिनकामाचे. आज चप्पल तुटली. आज कुणीच हसलं नाही. आज तू ऐकायला असतीस तर... ती त्याला बाबांच्या नव्या श्रवणयंत्राबद्दल सांगायची. बाबा आता मिक्सरवर तिलाही शेजारी बसवून शिकवत होते आणि वर्गातल्या मास्तरांसारखे रागवत होते. एकदा आत्याने फोन हिसकावून घेतला आणि विचारलं, "अरे, तू गातोस कधी? सारखा फोनवरच असतोस!"

एका बुधवारी सकाळी ती हॉलमधल्या टेबलाशी पुढच्या महिन्यांचं वेळापत्रक लावत होती. फोन वाजला.

"मॅनेजर, एक तारीख हवीय."

तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण आवाज तिने कामाचाच ठेवला. "नवीन वर्षापर्यंत एकही रविवार मोकळा नाही."

"रविवार नकोय. सोमवार चालेल."

"सोमवारी ऐकायला कोण येणार?"

"कुणी नको. मी गाणार नाहीये."

"मग?"

त्याच्या मागून कुठल्याशा बसचा हॉर्न ऐकू आला.

"हे बघ... गाणं आहे म्हणजे फिरणं आलंच. ते सुटणार नाही, आणि तू सोड म्हणणार नाहीस, हेही मला माहीत आहे. पण दौरा संपला की सगळे घरी जातात गं. मी मात्र पुढचा दौरा सुरू होईपर्यंत कुठल्यातरी खोलीत दिवस काढतो. मला परत यायला एक गाव हवंय. आणि... मला तुझ्याच गावाला परत यायचंय. गावासाठी नाही. तुझ्यासाठी." तो थांबला. "आवडतेस तू मला. फार. चौतीस खांबांपासून."

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर वर केलं. समोरच्या कागदावरचे सगळे रविवार तिला एकाएकी धूसर दिसायला लागले. तिने डोळे पुसले.

"मॅनेजर? आहेस ना?"

"आहे."

"काहीतरी बोल ना... जीव टांगणीला लागलाय इथे."

सहा वर्षांत तिने शेकडो कलाकारांची तिकिटं काढली होती. येण्याची आणि जाण्याची, नेहमी दोन्ही एकदमच.

"सोमवारचं तिकीट मी काढते," ती म्हणाली. आता आवाज तिने कामाचा ठेवला नाही. "फक्त येण्याचं."