खांद्यातला थांबा

त्या काळात माणसं सवयी पुसून घ्यायला दवाखान्यात जात, जशी पूर्वी किडलेला दात काढायला जात. कुणी नखं खाणं पुसून घेई, कुणी बोलताना अडखळणं. गाणारी मंडळी चुकीची बसलेली तान पुसून टाकत आणि कोऱ्या गळ्याने पुन्हा शिकायला बसत. या उपचाराला 'विस्मार' म्हणत. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी येऊन नेहमीसारखं जेवायचं. शरीराला जडलेली एक गोष्ट तेवढी शरीर विसरलेलं असे.

अच्युत टिपणिसांना हा सगळा आळशी लोकांचा उद्योग वाटायचा. आयुष्यभर त्यांनी पूल बांधले होते. निवृत्तीनंतर नाशिकबाहेरच्या टेकडीवरच्या मैदानावर ते गोल्फ शिकले, आणि शिकता शिकता त्यात पुरते बुडाले. त्यांचा अंदाज चांगला होता, नजर पक्की होती. खोट एकच होती. काठी मागे उचलून डोक्यावर नेली की खाली येण्याआधी हात अडायचा. पापणी लवेल तेवढाच. पण तेवढ्यात कंबर पुढे निघून जायची, हात मागे राहायचे आणि चेंडू उजवीकडच्या बाभळीत जाऊन पडायचा.

एखाद्या पुलाला तडा गेल्यावर शोधावा तसा टिपणिसांनी या खोटीचा शोध सुरू केला. चारी बाजूंनी स्वतःचं चित्रण करून पाहिलं. टाचेखाली नाणं ठेवून खेळले. कोपराला रबरी पट्टा बांधला. कुणीतरी सांगितलं म्हणून भीमपलासाची बंदिश गुणगुणत समेवर चेंडू मारून पाहिला. तेव्हा तर थांबाही लयीत आला! डावा डोळा मिटून, भरलेली बादली झुलवून, गुडघाभर पाण्यात उभं राहून सगळं करून झालं. बाभळीखाली चेंडूंचा सडा पडतच राहिला.

"अरे, चेंडूच आहे तो," केतकी, त्यांची बायको, म्हणायची. "पूल नाही. पडला तर पडला."

"चेंडूचं नाही गं काही. माझाच हात माझं ऐकत नाही, याचं वाटतं."

शेवटी मनाची समजूत घालून ते डॉक्टर गार्गी हळबे यांच्याकडे गेले. हळबे बाई मज्जाशास्त्रज्ञ होत्या. हालचालींच्या स्मृती हा त्यांचा विषय.

"मला आधी समजावून सांगा," टिपणीस खुर्चीत बसता बसता म्हणाले. "समजल्याशिवाय मी कशालाही हात लावू देत नाही."

बाई हसल्या. "तुम्ही पूल बांधलेत ना? मग सोपं आहे. काँक्रीट एकदा ओतलं की घट्ट होतं आणि कायमचं तसंच राहतं. स्मृतीही तशीच असते असं आम्हाला पूर्वी वाटायचं. पण ती तशी नसते. समजा, तुमच्या पुलावरून कुणी चाललं की तेवढा भाग काही तास पुन्हा ओला होतोय. मग परत घट्ट होतोय. स्मृती वापरली की ती मऊ पडते. या मऊपणाच्या वेळेला आम्ही मार्दवकाळ म्हणतो. त्या काळात एक औषध दिलं की ती पुन्हा घट्ट होत नाही. विरून जाते."

"म्हणजे मी तुमच्यासमोर काठी फिरवायची, हात अडू द्यायचा, आणि लगेच औषध घ्यायचं?"

"बस्स. पण त्याआधी मला एक पाहू द्या."

त्यांनी टिपणिसांच्या खांद्याला आणि मनगटाला संवेदक चिकटवले आणि त्यांना लाकडात खिळे ठोकायला लावले. मग सतरंजी झटकायला लावली. मग भिंतीवर चेंडू फेकायला. पडद्यावर हाताची हालचाल रेषेसारखी उमटत होती. प्रत्येक रेषेत, हात सर्वांत उंच गेला की तिथे एक बारीक पायरी दिसत होती.

"बघा," बाई म्हणाल्या. "हा थांबा गोल्फचा नाहीच. मेंदू गोल्फ, सतरंजी, हातोडा असे कप्पे करत नाही. तो हालचालीचे कप्पे करतो. तुमचा हात मारण्यासाठी उगारला गेला की थांबतो. सगळीकडेच. आणि हे जुनं आहे, लहानपणापासूनचं असावं. कुठून आलं, काही सांगता येईल?"

टिपणिसांनी आठवून पाहिलं. त्यांचे वडील शीघ्रकोपी होते. हात उचलला की तो खाली येणारच. पण त्याचा खांद्याशी काय संबंध?

"नाही सुचत," ते म्हणाले. "आणि खिळे सरळ ठोकले गेले तर बरंच आहे की!"

बाईंनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

विस्मार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी टिपणिसांनी काठी उचलली आणि ती कुठेही न अडता खाली आली. खांद्यापासून मनगटापर्यंत एक सलग, गुळगुळीत लाट गेली. 'टक्' असा कोरडा, नेमका आवाज झाला आणि चेंडू हिरवळीच्या मधोमध जाऊन पडला. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं. त्या हंगामात मैदानावरच्या वयस्कांच्या स्पर्धेत ते पहिले आले.

स्पर्धेनंतरच्या रविवारी पुण्याहून ईशान आला. टिपणिसांचा एकुलता एक मुलगा, आता स्वतःच तिशी ओलांडलेला. जेवणाच्या टेबलावर टिपणीस अंतिम फेरीचं वर्णन करत होते. केतकी गुडघा चोळत कढी वाढत होती.

"बाबा, पुरे आता," ईशान म्हणाला. "आईला महिनाभर जिना चढवत नाहीये. तू तिला एकदा तरी डॉक्टरकडे नेलंस? स्वतःच्या खांद्यासाठी बरा गेलास."

टिपणिसांच्या कानशिलात रक्त चढलं. हे नवं नव्हतं. राग त्यांना नेहमीच यायचा. ईशान लहान असताना तर रोज यायचा, हात उचलला जायचा, वर जाऊन थांबायचा, आणि त्या थांब्यात पोराचं तोंड दिसायचं. मग हात खाली यायचा तो स्वतःच्याच डोक्यावर फिरायला. घरात सगळे म्हणायचे, अच्युतने मुलावर कधी हात टाकला नाही, वडिलांवर गेला नाही हो. टिपणिसांनाही त्याचा अभिमान होता.

आज हात उचलला गेला आणि थेट खाली आला. सलग, गुळगुळीत. तसाच कोरडा आवाज झाला.

सगळ्यांत भयंकर होतं ते हे, की त्या निमिषात टिपणिसांच्या शरीराला तीच तृप्ती वाटली. नेमका फटका बसल्याची.

ईशानने गालाला हात लावला नाही. तो चिडलाही नाही. नवल वाटल्यासारखा बघत राहिला.

"तू थांबला नाहीस," तो म्हणाला. "बाबा, तू नेहमी थांबायचास."

दुसऱ्या दिवशी टिपणीस हळबे बाईंसमोर बसले होते. सोबत केतकीही होती. कालची थप्पड आणि लहानपणचा वडिलांचा मार, सगळं सांगून झालं होतं.

"मला तो परत हवाय," ते म्हणाले. "तुमच्याकडे चित्रण आहे ना त्याचं?"

"रेषेचं चित्रण आहे. स्मृती विरली, ती परत आणता येत नाही." बाईंचा आवाज खाली गेला. "थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे, टिपणीस साहेब. तीही शिकलेली हालचाल असते. लहानपणी वडिलांचा हात पडताना तुमच्या शरीराने काहीतरी ठरवलं असेल आणि वर्षानुवर्षं ते गिरवलं असेल. मी त्या दिवशी आणखी विचारायला हवं होतं."

"म्हणजे मी चांगला माणूस नव्हतोच? माझा खांदा चांगला होता?"

 

"पुन्हा शिकता येईल?" केतकीने विचारलं.

"येईल. वेळ लागेल. पण उशीसमोर किंवा भिंतीसमोर शिकून उपयोग नाही. समोर माणूस हवा."

मग रोज सकाळी चहा झाला की केतकी खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागली. टिपणीस तिच्यासमोर उभे राहत. "उचल," ती म्हणायची. ते हात उगारायचे आणि वर नेऊन थांबवायचे. आधी हात मुद्दाम अडवावा लागे. काही आठवड्यांनी तो जरासा आपणहून अडू लागला. चेंडू पुन्हा बाभळीत जायला लागले, आणि टिपणिसांना त्याचा आनंद झाला. हात रागात थांबेल का, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कळायला राग यावा लागणार होता.

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. हात वर जायच्या आधीच केतकीचे डोळे घट्ट मिटायचे. आणि हे खुर्चीपुरतं नव्हतं. त्यांनी पंख्याचं बटण दाबायला हात उचलला, फडताळातून डबा काढायला उचलला, तरी मिटायचे. इतक्या वर्षांच्या संसारात हे कधी झालं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी हळबे बाईंनीही ते पाहिलं.

"हे तुमच्या शरीराने नवीन शिकलेलं दिसतंय, केतकीताई," त्या म्हणाल्या. "अजून कोवळं आहे. एका बैठकीत पुसून निघेल. पुसून टाकूया?"

टिपणिसांनी आशेने बायकोकडे पाहिलं. त्यांना वाटलं, निदान एवढं तरी पूर्वीसारखं होईल.

केतकीने पदर सावरला. ती शांत होती. नवऱ्याकडे तिने मायेनेच पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "पुसल्यावर काय होतं ते पाहिलंय मी. हे माझं माझ्यापाशी राहू दे."